आप्पांच्या विहिरीतला पोहण्याचा तास

पी.टी.च्या शिक्षकाला शाळेत कुणी मोजत नाही. त्याचा एक फायदा असतो. स्टाफरूममध्ये सगळे त्याच्यासमोर मोकळेपणानं बोलतात, कारण याला काय कळतंय असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आणि पी.टी.ला बाई असली तर विचारूच नका. तुटलेली बाकं शाळेच्या मागच्या खोलीत साठत जातात तसे माझ्याकडं किस्से साठत गेले. टाकवत नाहीत आणि दुरुस्तही करता येत नाहीत.

परवा मैत्रिणी जमल्या होत्या. म्हणाल्या, "सांग ना तुझ्या शाळेतल्या गमती." मी सुरू केलं. पहिल्या दोन गमतींना हसल्या. तिसरीच्या मध्येच एकजण म्हणाली, "अगं, पण तू एवढी चिडून का सांगतेस?"

आता चिडून नाही तर कशी सांगू? गमती आहेत, मान्य. फक्त त्या घडत होत्या तेव्हा मला एकदाही हसू आलं नव्हतं.

मी शिरूरची. घोडनदीच्या डोहात भावांच्या मागं लागून पोहायला शिकले, पुण्यात पी.टी.चा कोर्स केला आणि बहात्तरच्या दुष्काळात दौंड तालुक्यातल्या एका हायस्कूलला लागले. गावाचं नाव नाही सांगत. खुटबाव, भांडगाव, कासुर्डी, त्याच पट्ट्यातलं समजा. हेडमास्तर होते बोरकर सर. वागायला गरीब माणूस, पण पाठीचा कणा तेवढा नव्हता. शाळेचे चेअरमन म्हणजे आप्पा. गावातली सगळ्यात मोठी बागायत त्यांची, सोसायटी त्यांची, शाळेची जागाही त्यांच्या वडिलांनी दिलेली. आणि शिपाई गेनूमामा, ज्यांना शाळेतलं सगळं माहीत असायचं आणि जे त्यातलं काहीही कुणापासून लपवायचे नाहीत.

*

पहिल्या दिवशी मी मैदानावर मुलं रांगेत उभी केली आणि शिट्टी वाजवली. पितळी शिट्टी, लाल दोरीची, कोर्सला असताना घेतलेली. रांगा झटक्यात सरळ झाल्या. मला फार बरं वाटलं.

मैदानाला लागूनच रस्ता होता. रस्त्यानं चाललेली बैलगाडी थांबली. पारावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, कवायत बघतायत.

मधल्या सुट्टीत बोरकर सरांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, तुमची सुरुवात छान झाली. फक्त ते शिट्टीचं जरा बघा."

"काय बघू?"

"आप्पांचा निरोप आलाय. बाईमाणसानं गावात शिट्टी वाजवणं बरं दिसत नाही म्हणाले."

"सर, मग कवायत कशी घ्यायची?"

"टाळ्या वाजवा की."

"एवढं मोठं मैदान, वरून वारा. शेवटच्या रांगेला टाळी ऐकू जाणार नाही."

सरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "जोरात वाजवा."

शिट्टी त्यांनी 'सध्या माझ्याकडं असू द्या' म्हणून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. ते 'सध्या' कितीतरी वर्षं चाललं. मी टाळ्या वाजवून कवायत घेतली. संध्याकाळी हाताचे तळवे लाल व्हायचे आणि मला रोज नव्यानं राग यायचा.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. सुमन तिचं नाव. बौद्धवाड्यातली. वडील दौंडला रेल्वेत गँगमन, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "बाई, तुमची शिट्टी सरांनी काढून घेतली व्हय? तुमी वर्गात वाजवली का?"

*

त्याच वर्षीची गोष्ट. पी.टी.बरोबर आरोग्य हा विषयही माझ्याकडंच होता. पहिला धडा 'समतोल आहार'. दूध, अंडी, पालेभाज्या, मोसमी फळं. भिंतीवर रंगीत तक्ता लावलेला, त्यात एक गोरापान मुलगा संत्रं हातात धरून हसत होता.

समोर कोण बसलं होतं? सकाळी आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली मुलं. घरी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी, कामावर वाटतात ती गोड सुकडी. मी त्या तक्त्यावर छडी ठेवून फळांची नावं वाचत होते आणि मुलं माझ्यामागून म्हणत होती. मला स्वतःची लाज वाटली. तक्ता गुंडाळून ठेवला.

चाचणीत मी प्रश्न घातला, तुम्ही काल काय खाल्लं ते लिहा आणि त्यातून शरीराला काय मिळालं ते सांगा. मुलांनी खरं लिहिलं. कुणी 'सुकडी' लिहिलं, कुणी 'भाकरी आन् पाणी'. सुमननं लिहिलं होतं, 'सुकडीनं पोट भरतं आणि हात गोड होतात.' मी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

बोरकर सरांनी पेपर तपासायला मागवले. "बाई, हे चालणार नाही. सुकडी हे उत्तर पुस्तकात कुठं आहे?"

मी म्हटलं, "सर, पुस्तक खडी फोडायला गेलं नव्हतं."

सरांनी पेपर परत दिले. मार्क तेच राहिले. त्या नोकरीतला माझा पहिला विजय तो. दुसऱ्याला बराच वेळ लागला.

*

दुष्काळ सरला, पिकं आली, आणि माझं मैदान गेलं.

सुगी सुरू झाली तसं एका सोमवारी सकाळी येऊन बघते तर मैदानावर आप्पांची बाजरी. कणसांचे ढीग, मध्ये खुंट रोवलेला, भोवती बैल फिरतायत. सपाट, टणक, झाडलेली जागा, शाळेच्याच मुलांनी दगड वेचून केलेली. याच्यापेक्षा चांगलं खळं कुठं मिळणार? गडी म्हणाला, "बाई, आठ-पंधरा दिसाचं काम हाय. तवर पोरांना वर्गातच काय ते खेळवा."

मी तरातरा ऑफिसात गेले. बोरकर सर आधीच घाबरून बसले होते.

"सर, मैदान शाळेचं आहे."

"हो. पण जागा त्यांच्या वडिलांनी दिलीय."

"दिलीय ना? मग ती आता त्यांची नाही."

"तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं बरोबर आहे असं म्हणून ते काहीही करायचे नाहीत. एवढंच नाही, दुपारी नोटीस फिरली की पी.टी.च्या तासाला मुलांनी मैदानाच्या कडेनं उभं राहून पाखरं हाकावीत.

मुलांनी पाखरं हाकली. हात वर, हात खाली, हुर्रर्र. मी बाजूला उभी राहून दात खात होते. वर्षाच्या शेवटी शाळेचा अहवाल वाचला गेला, त्यात एक वाक्य होतं, 'मैदानाचा पुरेपूर वापर करण्यात आला.' टाळ्या पडल्या. आप्पा पहिल्या रांगेत होते, त्यांनीही वाजवल्या.

*

मग आणीबाणी आली. कुटुंबनियोजनाच्या केसेस आणायचं काम शाळांवर आलं. म्हणजे आम्ही शिक्षकांनी वाड्या-वस्त्यांवर फिरायचं, माणसं पटवायची, नसबंदीच्या कॅम्पला न्यायची. नाही आणली तर पगाराचं काही खरं नाही, अशी धमकी वरून आलेली.

बोरकर सरांनी मीटिंग घेतली. सगळे शिक्षक खाली मान घालून बसलेले. सरांनी खोकून घसा मोकळा केला. "मी विचार केला, हे काम मुळात आरोग्याचं आहे. आणि आरोग्य हा विषय आपल्याकडं बाई शिकवतात. तेव्हा केसेस बाईंनी आणाव्यात हे सगळ्यात योग्य."

सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला. गणिताच्या काळे सरांनी तर मान डोलावली.

माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. खोली घेऊन एकटी राहणारी बाई, आणि मी कुणाच्या घरी जाऊन त्या बाप्याला काय सांगायचं? रागानं माझे कान तापले. बोरकर सरांकडं नुकतेच पेढे झाले होते, पाचव्या मुलाचे. आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते.

मी म्हटलं, "चालेल सर. पहिली केस समोरच बसलीय. उद्या सकाळच्या एस.टी.नं निघू या का?"

मीटिंग तिथंच संपली. केसेसचं काम सगळ्यांना सारखं वाटून आलं. गेनूमामा मात्र महिनाभर सरांच्या टेबलावर चहा ठेवताना विचारायचे, "सर, एस.टी. कितीची हाय?"

*

आता पोहणं.

अभ्यासक्रमात पोहणं होतं. शहरात बसून अभ्यासक्रम करणाऱ्यांना वाटत असेल, प्रत्येक शाळेच्या मागं एक टाकी असते. आमच्या शाळेत प्यायच्या पाण्याचा रांजण होता, तोही दुपारपर्यंत संपायचा. मी सरांना म्हटलं, "मुलांना कालव्यावर नेते. गावाच्या कडेनं वाहतो, पाणी सुटलं की बरं पाणी असतं. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पोर त्यात जातं, निदान शिकतील तरी."

सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण काही झालं तर? आपण आधी कोरडा सराव करू."

कोरडा सराव म्हणजे काय ते ऐका. वर्गातली बाकं बाहेर काढायची. त्यावर मुलांनी पालथं पडायचं. काळे सर आकडे म्हणणार, मुलं हात मारणार. एक, दोन, तीन, चार. पाय हलवा. मान वळवा. मी असलं काही घेणार नाही म्हणाले, म्हणून हे काळे सरांनी घेतलं. स्वतः काळे सरांनी कधी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलेलं नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. आदल्याच पावसाळ्यात आमचा सातवीतला एक मुलगा कालव्यात गेला होता. त्याच्या बाकावर दुसरा मुलगा पालथा पडून हात मारत होता. मला तिथं उभं राहवेना.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. त्यांना हे फार आवडलं. "वा, कल्पकता आहे!" असं म्हणाले. मग एका मुलाच्या बाकाजवळ थांबून विचारलं, "बाळ, पोहताना श्वास कधी घ्यायचा?"

पोरानं पालथ्यानंच वर बघितलं. "साहेब, बाकावर व्हय? कवाबी घ्या."

*

साहेबांनी वर काय कळवलं कुणास ठाऊक, पण पुढच्या वर्षी निरोप आला. जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी मुलं-मुली निवडायला क्रीडा खात्याचे साहेब पुण्याहून येणार. शाळेतल्या सगळ्या मुलांमधून निवड. पाण्याची सोय शाळेनं करायची.

आप्पा त्याच संध्याकाळी शाळेत आले. म्हणाले, "पाण्याची काळजी कशापायी? आपली हीर हाय की."

आप्पांच्या विहिरीचा गावात मान होता. चिरेबंदी, आत उतरायला पायऱ्या, वर दोन मोटरी. दुष्काळात आसपासच्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या, ही आटली नाही. गाव तिचं पाणी दोन वर्षं प्यालं. बौद्धवाड्यानं टँकरची वाट बघितली.

मी म्हटलं, "आप्पा, फार चांगलं झालं. उद्यापासून वर्गावर्गानं सगळी मुलं-मुली आणते."

आप्पा गोड बोलायचे. आवाज कधी चढला नाही त्यांचा. "आणा की. पोरं समदी आपलीच हायती. फकस्त तिकडची तेवढी नगं. हिरीचं पाणी देवाला जातं, बाई. घरात म्हातारी माणसं हायती. त्यांचं मन मोडता येत न्हाई."

"मग ती मुलं कुठं शिकणार?"

"कालवा हाय की सरकारी. कुणाचीच ना न्हाई."

मी बोरकर सरांकडं बघितलं. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. आप्पा गेल्यावर मी म्हटलं, "सर, सगळी मुलं किंवा कुणीच नाही. अर्धा वर्ग मी विहिरीवर नेणार नाही."

"तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. आणि विहिरीवरचा तास काळे सरांना दिला.

काळे सर रोज सकाळी आप्पांच्या विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहायचे. मुलांच्या पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधलेला, कमरेला दोर, दोराचं टोक काळे सरांच्या हातात. मुलं डब्यावर तरंगायची, सर आकडे म्हणायचे. आणि मी बौद्धवाड्यातली मुलं घेऊन कालव्यावर जायचे. वाहतं पाणी. डबा नाही, दोर नाही. साडीचा काचा मारून मी स्वतः उतरायचे. गावानं त्यावरही तोंडं वाकडी केली, पण तोवर मी कुणाची तोंडं बघायचं सोडून दिलं होतं.

सुमन आता दहावीत होती. ती आधीपासूनच पोहायची, कालव्याच्या कडेला शेरडं राखताना आपोआप शिकलेली. मी फक्त तिचे हात सरळ केले आणि श्वास बसवला. प्रवाहाच्या उलट हात मारत ती पुलापर्यंत जायची. एकदा वर येऊन, केस पिळत म्हणाली, "बाई, मलाबी पी.टी.ची बाई व्हायचंय."

मी म्हटलं, "मग जिल्ह्याला पोहायला हवं. ते सर्टिफिकेट असलं की कोर्सला प्रवेश मिळतो. नाहीतर अवघड आहे."

"व्हय. आन् कोर्सला शिट्टी देत्यात ना?"

"विकत घ्यायची असते."

"घीन की," ती म्हणाली. "आन् माझी मी कुणाला देणार न्हाई."

*

हा शेवटचा किस्सा. हा सांगितला की मी दुसरा काही सांगत नाही.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी विहिरीवर मांडव घालायचं काम चाललं होतं. मला बोरकर सरांचा स्वभाव माहीत होता. ऐन वेळी ते म्हणणार, ही मुलगी विहिरीत कधी उतरलेली नाही, धोका नको, हिला बाजूला बसवा. ही सबब मला त्यांच्या हातात ठेवायची नव्हती. त्यांना सांगितलं, "निवड सगळ्या मुलांमधून आहे. उद्या सुमन उतरणार. आज तिला विहीर दाखवून आणते."

सर म्हणाले, "बघू."

मग मी बौद्धवाड्यात सुमनच्या आईकडं गेले. ती आप्पांच्याच रानात खुरपायला जायची, तेव्हा तिला न विचारता मी काही करणार नव्हते. तिनं सगळं ऐकलं.

"बाई, तुमची बदली हुईल. आमाला हितंच ऱ्हायाचंय," ती म्हणाली.

"तुम्ही नको म्हणाल तर नाही नेणार."

ती उठली, दोरीवरचा सुमनचा वाळलेला परकर काढून तिच्या हातात दिला. "उद्या खुरपायला न्हाई बोलावलं तर न्हाई. हिचा बाप काय त्यांच्या रेल्वेत हाय व्हय?"

विहिरीवर मांडवाचे बांबू बांधणारी माणसं होती. सुमननं परकराचा काचा मारला, काठावर उभी राहिली, आणि सरळ सूर मारला. वर येऊन विहिरीला दोन फेऱ्या मारल्या, अगदी स्वच्छ, हात कुठंही वाकडा नाही. बांबू बांधणाऱ्यांचे हात थांबले होते. एक म्हातारा तोंड उघडायला लागला, त्याच्याकडं मी असं बघितलं की त्यानं ते मिटलं.

सुमन पायऱ्या चढून वर आली तेव्हा आप्पा तिथं उभे होते.

"झालं का बाई?"

"झालं आप्पा."

"बरं." एवढंच. आणि ते पंपाच्या खोलीकडं चालायला लागले. आम्ही बांधावरून घरी येत असताना मागं दोन्ही मोटरी सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, उसाला पाणी सोडलं असेल.

सकाळी शाळेचा बँड, हार, सुवासिनी, सगळा थाट. आप्पा फेटा बांधून. पुण्याची जीप आली, साहेब उतरले. ताठ, कमी बोलणारा माणूस. हार घातला, नारळ दिला, सगळे वाजतगाजत विहिरीवर गेले. काळे सर डबे बांधलेली मुलं रांगेत घेऊन उभे. साहेबांनी काठावरून आत वाकून बघितलं.

आत चिखल होता. चिखलात एक फुटकी बादली, वर्षानुवर्षं पडलेल्या घागरी, आणि मधोमध बसलेला बेडूक. पायऱ्या तळापर्यंत दिसत होत्या. पाटातून मात्र अजून पाणी खळखळत चाललं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप आला. दुष्काळात न आटलेली विहीर एका मुलीनं दोन फेऱ्या मारल्या म्हणून रातोरात उपसून काढली होती. आणि त्या भरात उद्या साहेब येणार आहेत, याच विहिरीत पोहणं बघणार आहेत, हे आप्पांच्या, त्यांच्या घरच्यांच्या, गड्यांच्या, कुणाच्या म्हणजे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आधी विटाळ काढायचा, बाकीचं मागाहून.

बँड आपोआप थांबला. साहेबांनी विचारलं, "पाणी कुठं आहे?"

बोरकर सरांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी काळे सरांकडं. काळे सरांनी हातातल्या दोराकडं.

गेनूमामा म्हणाले, "उसात हाय साहेब."

"उसात?"

"मोटर बंद करायची राह्यली," आप्पा घाईनं म्हणाले. "गडी इसारला."

"दोन्ही मोटरी?" साहेबांनी विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "दुसरीकडं कुठं पाणी आहे का? नसेल तर मी पुढच्या शाळेकडं जातो."

मी पुढं झाले. "कालवा आहे साहेब. सध्या पाणी सुटलंय."

मग तो सगळा लवाजमा कालव्यावर निघाला. पुढं जीप, मागं बँड, त्याच्या मागं पाठीला डबे बांधलेली मुलं, आणि बांधावरून पळत येणारं गाव. कालव्याच्या पुलाजवळ साहेब थांबले. पाण्याला ओढ होती. काळे सरांची मुलं काठावर बसली आणि डब्यासकट बसूनच राहिली. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी पाण्यात सोडलंच नव्हतं. माझी मुलं पुढं आली.

साहेब म्हणाले, "बाई, शिट्टी द्या."

मी म्हटलं, "माझी शिट्टी हेडमास्तरांकडं आहे."

"का?"

"त्यांनाच विचारा."

बोरकर सरांचा चेहरा पडला. त्यांनी गेनूमामांना किल्ली दिली. गेनूमामा शाळेकडं पळत गेले आणि पळत आले, तोवर सगळं गाव, साहेब, आप्पा, बँडवाले असे सगळे एका शिट्टीसाठी गप्प उभे होते. पितळ हिरवं पडलं होतं, दोरी झुरळांनी खाल्लेली. मी पदरानं पुसली आणि गावातल्या झाडून सगळ्या माणसांसमोर फुंकली.

सुमननं उडी मारली. प्रवाह कापत पलीकडच्या काठाला गेली, हात लावला, वळली, आणि धारेच्या उलट पुलापर्यंत आली. तिच्या मागून आमची बाकीची मुलं. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती. ती वर आल्यावर तिथंच म्हणाले, "ही मुलगी जिल्ह्याला येणार. पहिलं नाव हिचं." आणि आपल्या माणसाकडून एक छोटा कप घेऊन आप्पांपुढं धरला. "चेअरमनसाहेब, तुमच्या हस्ते द्या."

सुमन समोर उभी होती. परकरातून पाणी गळत होतं. मागं गर्दीत तिची आई होती, हातात खुरपं नव्हतं. आप्पांनी कप घेतला, वरूनच, बोट लागणार नाही असा तिच्या हातावर सोडला. पण फोटोवाला होता, साहेब होते, काहीतरी बोलणं भाग होतं. आप्पा हसले. म्हणाले, "साहेब, पोरगी आपल्याच शाळेची. आपल्याच हिरीत पवायला शिकली हाय."

साहेब सुमनकडं वळले. "हो का गं?"

"न्हाई साहेब," सुमन म्हणाली. "आप्पांच्या हिरीत मी येकदाच उतरले. काल."